छे, असं नसतं मच्छिंद्रा!

...नाही हो, मी कुठे म्हणतो शाहिरानं पोवाडा रचू नये? रचावा! पण ज्याच्यावर रचायचा तो माणूस समोर बसलाय, आणि त्यालाच 'चुकतोयस तू' म्हणायचं? तुम्हाला सांगतो, मी मच्छिंद्र लोहार, कसबा पेठेतला. पानिपताहून पाच महिने पायी चालत घरी आलो. आणि हा शाहीर सर्जेराव, कात्रजच्या घाटापलीकडे कधी गेलेला नाही, तो मला सांगतो मी कसा आलो ते!

त्याचा साचा ठरलेला. राम घ्या, पांडव घ्या, कुठलाही राजपुत्र घ्या... हाक येते, वीर घर सोडतो, राक्षस आडवा येतो, सिद्धपुरुष वाट दाखवतो, आणि काहीतरी अमोल घेऊन वीर घरी! सगळ्यांची गोष्ट एकच, म्हणे. मग माझीही तीच.

"हाक कशी आली? देवीचा दृष्टांत?"

म्हटलं, कसला दृष्टांत! फौजेत घोडे फार, नालबंद कमी. मी नि दादामियाँ एकाच भट्टीवर. मी नाल घडवायचा, त्यानं ठोकायचा. मुकादम आला, म्हणाला, चला. गेलो.

"छे, असं नसतं मच्छिंद्रा!"

"बरं, राक्षस?"

म्हटलं, भूक. छावणीला वेढा पडला. आधी घोड्यांनी झाडांच्या साली खाल्ल्या, घोडे मेले, मग आम्ही खाल्ल्या. लढाईच्या दिवशी माझ्या हातात हातोडा होता, आणि तोही टाकून पळालो.

"अरे, भुकेला तोंडं किती, हात किती? लोकांना दिसायला नको? छे, असं नसतं!"

सिद्धपुरुष म्हणाल तर एक म्हातारी भेटली, यमुनेकाठी. मला नि दादामियाँला मूठमूठ हरभरे दिले आणि म्हणाली, पागोटी फेका, तोंड उघडू नका, बोललात की ओळखतील. झाला उपदेश! सर्जेरावानं काय करावं? म्हातारीला दाढी लावून हिमालयात बसवली!

मग विचारतो, "आणि दादामियाँ?"

म्हटलं, वाटेत गेला.

"कसा?"

मी भाता ओढायला लागलो. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "राहू दे, मी बघतो!"

आणि बघितलं की हो त्यानं! बुधवारात, भर बाजारात, डफावर थाप... दादामियाँच्या हातात तलवार! अरे, सात जणांना लोळवून धारातीर्थी पडला की दादामियाँ! लोक रडतायत, आणि कडेला त्याची बायको, नसीमबानू, उभी. डोळे कोरडे. नंतर माझ्याकडे आली.

"मच्छिंद्रभाऊ, तलवार? त्यांना तर कोंबडीसुद्धा कापवत नव्हती. खरं सांगा."

सांगितलं. काय करू? म्हटलं, भाभी, ग्वाल्हेरच्या अलीकडे त्याला ताप भरला. एका ओसाड गोठ्यात निजवला. पाणी मागत होता. मी विहिरीवर गेलो, तेवढ्यात घोडेस्वार आले. तुरीच्या शेतात आडवा झालो. ते निघून गेले.

"मग?"

मग... मग मी उठलो आणि दक्षिणेची वाट धरली. मागे फिरलो नाही. पाय वळलेच नाहीत. तो जिवंत होता, भाभी.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी वाटलं, कुणीतरी ओरडावं, छे, असं नसतं मच्छिंद्रा! सर्जेराव चार हात अंतरावर उभा होता. तो डफाची दोरी आवळत राहिला.

ती एवढंच म्हणाली, "पाण्याची किती वेळ वाट पाहिली असेल हो त्यांनी?" आणि गेली.

मला वाटलं, आता तोंड बघणार नाही माझं. तर कसलं काय! दुसऱ्या दिवशी पोवाड्याला सगळ्यांत पुढे! तिसऱ्या दिवशीही! न राहवून म्हटलं, भाभी, खोटं आहे हो ते! तर म्हणते, "तुमचं खरं एकदा ऐकलं, पुरलं. हे रोज लागतं."

मग एके दिवशी सर्जेरावाचा गळा बसला. लोक जमलेले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आज तुम्ही सांगा." मी? माझ्या तोंडून? पण नाही कसं म्हणू तिला? राहिलो उभा. दृष्टांत झाला, दहा तोंडांचा राक्षस आला, दाढीवाला भेटला, सगळं झालं! दादामियाँला तलवार दिली... आणि काय सांगू, मीही होतो की त्याच्या शेजारी! शेवटपर्यंत! त्याचं डोकं माझ्या मांडीवर, आणि ओंजळीनं पाणी पाजतोय मी त्याला!

लोक रडले. मीही. नसीमबानू पदर सावरत उठली आणि म्हणाली, "बरं सांगता. पण त्यांना फार लवकर मारलंत. उद्या जरा सावकाश."

तेव्हापासून रोज मारतोय... सावकाश.