ओल्या उतारावरचं झिरो टर्न

नाही, पण मी म्हणते, हात लावून बघायला काय जातं? वाकायचं, दोन बोटं गवतात फिरवायची, ओली झाली तर मशीन बाहेर काढायचं नाही, संपलं! एवढ्याला काय कॉलेज लागतं? पण आमच्या मांजरी गावातल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी, पृथ्वीराजसाहेब, ते वाकत नाहीत. ते वरनं बघतात. वरनं सगळं हिरवंच दिसतं हो!

आमचे हे, म्हणजे सीताराम, तिथं बागेत गवत कापायचं मशीन चालवतात. मी आणि अख्तरबानू खुरपणीला. मशीन म्हणजे साधंसुधं नाही... झिरो टर्न! त्याला ना स्टिअरिंग, ना पायाखाली ब्रेक. मांडीच्या दोन्ही बाजूंना दोन दांडे. पुढं लोटले की पळतं, मागं ओढले की मागं येतं, एक पुढं एक मागं केला की जागच्या जागी भिंगरी! सपाटीवर नुसतं बघत राहावं. पण त्याची सगळी अक्कल मागच्या दोन चाकांत. पुढची दोन आपली दवाखान्यातल्या ट्रॉलीसारखी, जिकडं उतार तिकडं ती. शिकवायला आलेल्या शेफाली मॅडमनी ह्यांच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं. ओल्या गवतावर न्यायचं नाही. तीव्र उतारावर न्यायचं नाही. पाण्याच्या कडेला तर नाहीच नाही. मशीन उलटलं तर डोकं वाचवणारी मागची लोखंडी कमान उभी, कमरेला पट्टा. आणि घसरलंच तर आधी पाती बंद, उडी मारायची नाही.

आणि आमची बाग कशी? वर क्लब हाऊस, तिथनं खाली घसरगुंडीसारखा हिरवागार उतार, आणि उताराच्या पायथ्याशी तळं! कमळं लावायला केलंय. चांगलं छातीएवढं पाणी.

तर त्या दिवशी दहा वाजता उद्यान स्पर्धेचे परीक्षक येणार होते. जानेवारीचं दव आधीच पडलेलं, त्यात साहेबांनी पहाटे पाचपासून गवतावर कारंजी सोडलेली. का? तर गवत ‘फ्रेश’ दिसावं! आणि साडेआठला म्हणतात कसे, ‘‘काका, स्लोपचं कटिंग राहिलंय. एक क्विक राऊंड मारा.’’

ह्यांनी वाकून हात लावला. कोपरापर्यंत पाणी ओघळलं. ‘‘गवत ओलं हाय साहेब. वाळू द्या. दुपारी करतो.’’

‘‘दुपारी? परीक्षक काय जेवायला येतायत का? अहो, गवत आहे ते, बर्फ नाही.’’

‘‘घसरंल.’’

‘‘चारशे किलोचं मशीन घसरेल? बरं, तुम्हाला भीती वाटत असेल तर द्या इकडं चावी. मी चालवतो!’’

आता इथंच आमच्या ह्यांचं चुकलं. द्यायची होती चावी! पण नाही... ह्यांच्या मनात आलं, हा माणूस कधी त्या सीटवर बसलेला नाही, ह्याच्या घरी दोन लहान पोरी आहेत, हा सरळ तळ्यात जाईल. म्हणून हे बसले. पट्टा लावला, कमान उभी केली, आणि बोलले, ‘‘वरच्या सपाटीनंच जातो, खाली उतरणार न्हाई.’’

एक फेरी झाली. दुसरी झाली. साहेब उताराच्या मधोमध असलेल्या फरशीवर उभे राहून हातानं खुणा करतायत, ‘‘अजून थोडं खाली, काका... अजून एक पट्टा... बस, एवढाच!’’ आणि हे एक वीत, एक वीत करत खाली. अहो साहेब, एवढे उभेच राहिलायत तर हात लावून बघायचं ना!

आम्ही दोघी खाली, तळ्याच्या कडेला, लव्हाळा उपटत बसलेलो. मशीनचा आवाज चालूच होता, तो एकदम बदलला... म्हणजे गुरगुर होती त्याची किंकाळी झाली. मान वर केली तर मशीन आडवं, पण पुढं जाईना, बाजूनं खाली येतंय! मागची चाकं जागेवर फिरतायत, चिखल उडतोय, आणि हे दांडे ओढतायत ते मशीनला ऐकूच जाईना. मग पुढची बाजू गरकन वळली आणि तोंड सरळ आमच्याकडं!

‘‘जये, पळ!’’

तुम्हाला सांगते, बत्तीस वर्षांत ह्या माणसानं मला नावानं हाक मारली नव्हती. मी पळायचं सोडून आधी ह्यांच्याकडं बघतच राहिले!

आणि पळणार कशी? अख्तरबानूचे गुडघे! ती एकदा खाली बसली की तिला उठवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात. ती ओरडते, ‘‘तू जा गं जया, मेरेकू सोड!’’ आणि बोलताना माझा पदर मात्र मुठीत घट्ट धरलेला! मी तिच्या काखेत हात घातले, ओढते, ती हलेना, माझे पाय सरकतायत, आणि वरनं ते धूड येतंय...

ह्यांनी काय केलं, ते मला नंतर कळलं. आधी बटण दाबून पाती बंद केली. उडी मारता आली असती. पण उडी मारली तर रिकामं मशीन आमच्या अंगावर येणार, हे त्यांना दिसत होतं. दांडे ओढायचे थांबवले, मशीन जसं येईल तसं खाली येऊ दिलं, आणि पायथ्याला मुरमाची हातभर रुंद वाट आहे, तिची वाट बघत बसले. घसरत्या मशीनवर वाट बघणं म्हणजे काय असतं, ते त्यांनाच ठाऊक. कोरड्या मुरमाला मागची चाकं लागली मात्र, डावा दांडा पुढं, उजवा मागं! मशीन गरकन फिरलं, फरशीच्या कामासाठी आणलेल्या वाळूच्या ढिगात घुसलं आणि बंद पडलं. आमच्यापासून किती लांब? माझं खुरपं त्याच्या चाकाखाली होतं!

ह्यांची बोटं दांड्यावरनं सुटेनात, मी एकेक करून सोडवली. गार पडली होती. आणि पहिला शब्द काय तोंडातनं? ‘‘पळाली का न्हाईस?’’

‘‘अन् हिला कुठं टाकू?’’

भांडलो हो आम्ही, सगळ्यांसमोर! भांडता भांडता माझ्या डोळ्यांतनं पाणी, आणि मधे अख्तरबानू आमच्या दोघांचे हात धरून हुंदके देतेय.

तेवढ्यात साहेब ‘‘काका! काका!’’ करत धावत निघाले. धावत निघाले, पण आले बसून! पहिल्याच पावलाला पाय वर गेले आणि थेट आमच्या पायाशी येऊन थांबले, पाठीमागनं मानेपर्यंत हिरवे. मग त्यांनी दोन्ही हात गवतावर टेकले, तळवे बघितले आणि बारीक आवाजात म्हणाले, ‘‘ओलं आहे.’’

हे म्हणाले, ‘‘व्हय.’’ एवढंच. आणि चावी काढून स्वतःच्या खिशात घातली. ‘‘आता हिला मी सांगीन तेव्हाच हात लागंल. उतार हातानं कापायचा.’’ साहेब लगेच ‘‘हो, हो’’ म्हणाले.

दहाला परीक्षक आले. वरपासून खालपर्यंत, हिरव्यागार उतारावर दोन तपकिरी चाकोऱ्या, नागमोडी! विचारलं, ‘‘हे काय?’’ साहेब मानेवरचं हिरवं पुसायला लागले. तर परीक्षक बायका एकमेकींत म्हणाल्या, ‘‘किती सहज वाटते ना पायवाट!’’ आणि दिलं की हो दुसरं बक्षीस... ‘कल्पक रचनेसाठी’!

आता कमिटीनं ठराव केलाय, त्या चाकोऱ्या तशाच राखायच्या. त्यामुळे आमचे हे रोज उतारावर उकिडवे बसतात आणि त्यात उगवलेलं गवत खुरप्यानं काढतात.