ताडपत्रीची गाठ

दवाखान्यात माझ्या शेजारी एक ट्रक ड्रायव्हर नंबराची वाट बघत होता. समोरच्या बाकावर त्याला मुलीच्या शाळेतल्या, स्काऊट शिकवणाऱ्या बाई भेटल्या.

"घरून गाठ मारून आणायला सांगितली होती. तुमच्या लेकीची सोडवताना माझी नखं गेली."

"घट्ट बसली असेल."

"ताडपत्री बांधतात ती गाठ होती. आम्ही ती शिकवतच नाही."

"चुकलंच, बाई. मीच मारून दिली. जमत नाही म्हणाली."

"जमते तिला. माझ्यासमोर दोनदा मारली."

"मग मला कशाला बसवलं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, बाबा बऱ्याच दिवसांनी घरी होते."

त्याने हातातली नंबराची चिठ्ठी उलटसुलट केली.

"तुमची गाठ सगळ्या मुलांना शिकवाल का? रविवारी?"

"रविवारी माझी गाडी भरते."

"बरं."

"किती वाजता असतं तुमचं?"