दहा बोटं काळी

माझं माहेर शहाद्याचं, बाप सोनार, नवराबी सोनार, अन् तो गेल्यापासून प्रकाशा गावातल्या आमच्या दुकानात भट्टीजवळ मीच बसते, काय सांगू तुम्हाले, लोकांले ते अजून पचलं नही. सातपुड्यातल्या बाया हातापायातली जुनी चांदीची कडी, वाक्या मोडाले आणतात. ती चांदी तेजाबात टाकली की विरघळून जाते, नुसतं पाणी दिसतं, मंग तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत येते. पण ते पाणी बोटाले लागलं ना, तं लागताना काही कळत नही, उन्हात गेलं की कातडी काळी. साबण घासा, लिंबू घासा, जात नही, कातडी झडेल तवाच जातं. माझी दहाही बोटं पहा. लग्नात बाया म्हणतात, पदरात झाक. काबर झाकू? चोरी केली का मी?

तं गेल्या निवडणुकीत मी मत द्याले गेली, आत माझा धाकटा देर, नवऱ्याचा भाऊ, पार्टीचा माणूस म्हणून बसलेला. त्याच्या पार्टीले मी मत देणार नही हे त्याले ठाऊक, कारण नवरा गेल्यावर दुकान बंद कर म्हणून तोच मागे लागला होता. शाई लावणाऱ्या साहेबांनी माझं बोट पाहिलं, अन् देर म्हणतो, साहेब, बोट ते पयलेच काळं शे, मतदान करी उनी व्हई ही. म्हंजे मी आधीच मत टाकून आली म्हणे. अरे! याच्या बायकोच्या पायातले पैंजण मीच घडवले!

साहेब म्हणे बाई, बाजूला व्हा. मी म्हटलं, व्हत नही. मतदानाच्या शाईतबी चांदीचंच औषध राहतं म्हणे, मंग काळं सारखंच दिसणार ना! दहा बोटं काळी, तं दहा मतं टाकली का मी? देराले म्हटलं, भाऊ, मन्हा हात काय तू आज पयल्यांदा देखी ऱ्हायना का? सांग साहेबले. तो यादी चाळाले लागला. मी दारातच बसकण मारली. मागे पाड्यावरची एक म्हातारी, माझी गिऱ्हाईक, ती म्हणे हिचं होईल तवाच आमचं. तिच्यामागच्या बायाबी हलेनात.

शेवटी देरच कबूल झाला, पुटपुटला, तिन्हा हात आसाच शेतस, साहेब. साहेबांनी शाईची बाटली उचलली, म्हणे कुठं लावू, दिसणार तं नहीच. मी म्हटलं, त्याच बोटाले लावा, सगळ्यांले लावता तशी. लावली, मलेबी दिसली नही. मंग आत जाऊन मले पाहिजे तेच बटण दाबलं, अन् मशीनची शिट्टी वाजेपर्यंत बोट उचललं नही. देराले ऐकू गेली असंलच.

आता तो रस्त्यात दिसला तं मान फिरवतो. फिरव म्हणावं. देव त्याले सुखी ठेवो, पुढच्या येळेलेबी मी हेच हात घेऊन जाईन.