जवायाले आऊट करते कोन?

...हासा, हासा! तुमी तं हासाचेच! त्या पहिल्या सामन्यात वाशीमवाल्यायनं दोनशेच्या वर रन काढले अन् आमी अकरा जन मिळून एकोनवीस, त्यातले चार तं बॉल म्हशीच्या पायाखाली गेला म्हून भेटले! हारलो, लय हारलो, मान्य हाये... पन मले एक सांगा, तुमी एवढे शहाने होऊन राह्यले तं सांगा, जवायाले आऊट करते कोन?

आता तुमाले काय मालूम! तुमाले सांगतो, मी जगदेव, बबनराव माळ्याचा पोरगा, शिरपूरच्या रस्त्याले आमचा मळा हाये, मालेगावच्या बजारात जे वांगे तुमी मुंडी धरून पारखून घेता ना, ते आमचेच! आन क्रिकेटचं याड आमाले लागलं एका साहेबापायी. सरकारी कँपात येल्ता, जातानी बॅट सोडून गेला. झालं! कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्या स्टंप म्हून रोवल्या, कांद्याच्या मोकळ्या वावरात रोज सांजच्या पारी खेल सुरू. मी कॅप्टन. काहून? तं बॅट माह्या घरी राहे म्हून.

अन् वाशीमच्या क्लबाचा कॅप्टन कोन? शालिग्रामराव. कचेरीत कारकून, पांढरा पायजमा, काळी टोपी, आन... आमचे जवाई! माही सख्खी बहीन रुख्मिणी देली त्यायले. दोन सालापासून माहेरी धाडली नवती, बाप्पा! दिवाळी गेली, संक्रांत गेली, दर खेपेले निरोप, काय तं म्हने, "आईचं कोन करन?" माही माय गोजराबाई चुलीपाशी बसून पदरानं डोळे पुसे अन् मंग आमाले म्हने, धूर लय होऊन राह्यला. चूल तं इझेल राहे!

म्हून म्या डोकं लढवलं. चिठ्ठी धाडली, जवाईबापू, दोस्तीचा सामना खेलाले या, क्लब घेऊन या, अन् येतानी रुख्मीले आना. सासूबाईच्या नावानं नाई आला तो मानूस, बॅटच्या नावानं आला! होळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी दोन गाड्या भरून वाशीमवाले उतरले, अन् मांगच्या गाडीतून रुख्मी. घरात नाई गेली, मायच्या गळ्यात नाई पडली, सीधी मळ्यात! इहिरीवर आमचा पाखऱ्या बैल मोट वढून राह्यलता, त्याच्या मानेले मिठी! अन् त्या बैलानं वळखलं हो तिले, दोन सालानं, कान हालवून राह्यला. मी भाऊ असून तिथं नुसता उभा.

मंग मले मंते, "दादा, लिंबाले झोका बांधला का रे?" म्हनलं, "अवं, झोका अखजीले, अक्षयतृतीयेले बांधतेत, अजून लय येळ हाये." तं मंते, "हाव. मी कुठं राह्यतो तवलोक. उद्याच जाचं हाये."

झालं! रातच्याले पान देतानी जवायाले एकांतात धरलं, म्हनलं, "जवाईबापू, अखजीपावतर ठेवा ना तिले." तो हासला. त्याचं हासनं कसं, मिशीतल्या मिशीत, "हं हं हं, साळेबुवा, उद्या सामना जिंका... अन् ठेवून घ्या बहीन!" अन् मानूस शब्दाचा पक्का बरं, तेवढं म्हना लागते.

आता ही गोष्ट मी सांगू कोनाले? बापाले सांगतली असती तं त्यानं चाबूकच काढला असता, "लेक म्हंजे का शंकरपटातली बैलजोडी हाये, शर्यतीवर लावाले?" म्हून तोंड बंद. साऱ्या गावात मले एकट्याले ठाव की आज काय डावावर हाये, अन् बाकीच्या गावाले एकच ठाव की आज गावात जवाई आला हाये!

सकाळी पहिली बॅटिंग त्यायची. काहून? पाहुने! टॉस कायचा टाकता? माहा बाप मंते, "पाहुन्याले उभं ठेवून आपुन खेलाचं?" बरं बावा! शालिग्रामराव आले बॅट घेऊन, म्या बॉल घेतला, मनातल्या मनात मारोतीले हात जोडले, धावत आलो अन् टाकला... अहो, असा बॉल मी जिंदगीत टाकला नवता! मधली काडी उडून थेट मेथीच्या वाफ्यात! म्या बोंब मारली. गावात एक मानूस बोंबलला नाई. पुंजाजीकाका अंपायर, गावातला मोठा मानूस, त्यानं काडीकडं पाह्यलं, जवायाकडं पाह्यलं, मह्याकडं पाह्यलं अन् मंते, "वारा लय सुटला आज."

"काका, पत्ता हालून नाई राह्यला!"

"तुले नाई लागला, मले लागला. पोरा, पहिल्याच घासाले पाहुन्याच्या पानावरून पोळी उचलतेत काय? लाव ती काडी." अन् जवाई काय, मिशीत हासत उभा! आता सांगा, जवायाले आऊट करते कोन?

मंग म्हनलं, बरं, कॅच तं अंपायरच्या हातात नाई ना! दुसऱ्या बाजूनं आमच्या उत्तमरावनं टाकला, जवायानं उडवला आभाळात, खाली आमचा मारोतराव. त्याचे हात म्हंजे टोपले, कांद्याच्या गोण्या झेलनारा गडी! झेलला, बराबर झेलला... अन् मंग त्याच्या ध्यानात आलं की झेलला कोनाचा. चटका बसल्यावानी बॉल खाली सोडला, अन् वरून हात जोडते, "चुकलं जवाईबापू, ध्यानात नाई राह्यलं!" मी म्हनलं, मारोत्या, काय केलं बे हे? तं मंते, "का करू भाऊ? तुह्याच घरचा जवाई हाये, उद्या तूच मले बोलशीन!"

अन् नथ्थूची गोष्ट तं इचारूच नोका. नथ्थू विकेटकीपर. जवाई धावले, अर्ध्यात टोपी पडली, टोपी घ्याले वापस फिरले, इकडं बॉल नथ्थूच्या हातात, काड्या त्याच्या पायाशी, हात लावाची देर... म्या बोंबलून राह्यलो, "पाड, नथ्थू, पाड!" नथ्थूनं बॉल काखेत धरला, जाऊन टोपी उचलली, आपल्या धोतरानं झटकली अन् दोन्ही हातानं जवायाले देली! टाळ्या वाजल्या हो! अख्ख्या सामन्यात आमच्या टीमले भेटलेल्या टाळ्या त्याच!

मंग ऊन चढलं. माहा बाप लिंबाखालून वरडला, "जवायाच्या डोक्स्यावर ऊन येऊन राह्यलं, दिसत नाई का कोनाले?" मानूस पाठवला छत्री घेऊन! खेलनाऱ्याच्या डोक्यावर छत्री धरेल तुमी कुठं पाह्यली? आमी पाह्यली! म्या टाकलेला बॉल छत्रीले लागून वांग्यात गेला, ते बी रन त्यायलेच! का म्हने, छत्री कोनाच्या मानासाठी व्हती? जवायाच्या. मंग रन कोनाचे? देवा रे देवा...

अन् मी दर बॉलाले इहिरीकडं पाहे. रुख्मी मोटेच्या धावेवर उभी, पाखऱ्याची दोर हातात. तिनं आयकलं असन का रातचं? तवा मले काय मालूम. पन दर बॉलाले तिची मान पुढं ये अन् मंग हळूच मांगं जाये. मले बॉल टाकनं जड होऊन राह्यलं होतं, खरं सांगतो. एवढीशी गोष्ट मांगून राह्यलतो, एका मानसाले घरी पाठवा, म्हंजे एक मानूस घरी राहीन!

दुपारी जेवन. गोवरीवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. वाशीमवाले शहाने, अर्धा अर्धा रोडगा खाऊन उठले. आमचे गडी? "पाहुन्यानं टाकलं ते वाया जाऊन राह्यलं ना भाऊ!" म्हून जे बसले ते उठलेच नाई. त्या पोटानं बॅटिंग! मारोतराव बॅटवर रेलून झोपला अन् तसाच आऊट झाला. बाकीचे एकेक जाये, जवाई बॉल टाके, काडी पडे, अन् हा त्यायले नमस्कार करून वापस! जसा प्रसाद घेऊन येऊन राह्यला!

शेवटी उरलो मी. ठरवलं, मरन पन हालनार नाई. म्या लय येळ धरून ठेवलं, मायच्यान! मंग जवायाचा एक बॉल माह्या पायाच्या दूरून गेला, दूरून, दोन हात! त्यायनं सवयीनं हात वर केला, "काका, हाऊज द्याट?" पुंजाजीकाकानं लगेच बोट वर!

"काका! कुठं लागला?"

काका मंते, "लागला नसन बी. पन जवायानं तोंड उघडून मांगलं, अन् आपुन नाई म्हनाचं? गावाची इज्जत हाये का नाई?"

संपलं. सांजले गाड्या जुपल्या. मायनं ओटी भरली. मी दूर उभा, तोंड कोनत्या तोंडानं दाखवू? रुख्मीच आली मह्यापाशी. मंते, "दादा, म्या आयकलं होतं रातच्याले." मंग मंते, "पहिल्याच बॉलले काडी पाडली होती तू. म्या पाह्यलं." एवढंच. अन् गाडीत बसली. तुमाले सांगतो, दोनशे रनानं मले रडू नवतं आलं.

अन् जवाई? एकदम खूश! गाडीतून हात हालवत, "साळेबुवा, लय मजा आली! असा मान मले वाशीमात बी नाई. दर साली ठेवत जा सामना, हिलेबी आनत जाईन!"

अन् आनते हो. शब्दाचा पक्का. दर साली होळी झाली का येते, मनसोक्त खेलते, जिंकते, अन् तेवढे दोन दिवस माही बहीन घरात राह्यते. माय दारात बसून राह्यते, चुलीपाशी नाई. बस, दोन दिवस. मंग गाडी जाते अन् मी पुढच्या होळीची वाट पाह्यतो.

अन् आता तुमी म्हनता, गावात नवा रतनसिंग आला हाये, लय फास्ट टाकते, त्याले घ्या टीममंधी, एकदा तरी जिंका! म्या पाह्यला रतनसिंग. काल त्यानं तिन्ही काड्या मोडल्या. मले मंते, "जवायाले पहिल्याच बॉलले उडवतो!" म्या त्याले हात जोडले, म्हनलं, बावा, सामन्याच्या दिवशी तू गावातच राहू नोको, तुले पोहरादेवीच्या दर्शनाले जाचं भाडं मी देतो! नाव ठेवा, हासा, काईबी करा... आमी यंदाबी हारनार हावो. जिंकून कोनाची बहीन घरी येते, सांगा!