यहूदाचा नंबर

न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता, पण त्याचे कान बाकावरच्या दोघा साडूंकडे होते. चर्चच्या नाटकात त्यांतला दाढीवाला दरवर्षी येशूला दगा देणारा यहूदा व्हायचा आणि बुटका येशूचा लाडका शिष्य पेत्र.

“यंदा मी प्रभूला धरून देणार नाही,” दाढीवाला म्हणाला.

“मग क्रूस कसा? जगाचं तारण कसं?”

“म्हणजे देवाचं काम माझ्यावाचून अडतं! सगळं त्यानंच ठरवलेलं, मग पाप माझ्या माथी का?”

“ठरवलं त्यानं. पण ‘यहूदा कोण होतंय?’ विचारल्यावर हात कुणी वर केला?”

“यहूदा मधेच मरतो रे. लवकर घरी जाता येतं.”

“बघ! पाप तुझंच.”

“आणि तू? तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतोस, तरी शेवटी टाळ्या तुलाच!”

“मी नंतर रडतो ना.”

खुर्ची रिकामी झाली. दाढीवाला टुणकन जाऊन बसला.

“अहो, नंबर माझा आहे!” कोपऱ्यातले आजोबा कडाडले.

“देवाची इच्छा, आजोबा.”

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आणि बुटक्याकडे पाहिलं. “हे तुमच्याबरोबरचेच ना?”

“छे! मी या माणसाला ओळखतसुद्धा नाही.”