दुसऱ्या चॅनलसाठी

कासारवाडीत लसीच्या रांगेत माझ्या पुढे एक तरुण आई आणि तिची म्हातारी शेजारीण बसल्या होत्या. माझं बाळ कुशीत झोपलं होतं.

"वर्षाली, पोरीच्या मांडीवर हे काळंनिळं काय गं?"

"मावशी, हळू बोला."

"पडली व्हय?"

"मी चिमटा काढला."

"अगं बया! का?"

"चाकणला कंपनीच्या गेटवर आम्ही बायका बसलो होतो ना, ह्यांना कामावर परत घ्या म्हणून. ऊन लागून ही रडली. एका चॅनलवाल्यानं लाइव्ह दाखवलं."

"बघितलं की मी. जीव तुटला माझा."

"मग दुसऱ्या चॅनलची बाई पळत आली. म्हणाली, त्यांना रडणारं बाळ मिळालं, आम्हालाही पाहिजे. तोवर ही कॅमेऱ्याकडं बघून हसायला लागली होती."

"मग?"

"ती म्हणाली, ताई, दहा सेकंदांत लाइव्ह जायचंय, बघा ना काहीतरी."

"पोरीच्या बापाला म्हाईत हाय?"

"नाही. ते सगळ्यांना मोबाइलवर हिच्या रडण्याचा व्हिडिओ दाखवत फिरतात. उद्या दोन्ही चॅनल परत येणारेत. मला म्हणाले, हिला घेऊनच ये, आपली लेक अगदी वेळेवर रडते."