शेजारची सीट

नवरा – टेंपरेचरचा काटा बघ. मघापेक्षा वर गेलाय.

बायको – तिथेच आहे. तू वाकून बघतोस म्हणून तुला वर दिसतो.

मिस्त्री – साहेब, डोक्यावर ऊन, बॉनेट बंद, गाडी जागेवर उभी. एवढं असून काटा निम्म्यावर थांबलाय म्हणजे इंजिन सुखात आहे. जुना एसी असता तर एव्हाना पाणी उकळून बाहेर आलं असतं.

नवरा – आणि सिग्नलला? तिथे चहूबाजूंनी धग.

मिस्त्री – म्हणून तर पुढे दुसरा पंखा बसवला. जुना कॉम्प्रेसर नुसता धोंडा होता, उचलून बघितलात ना तुम्ही? नवा त्याच्या निम्मा. एवढ्या वर्षांची स्पोर्ट्स कार, पण असा गारवा तिला जन्मात मिळाला नव्हता.

बायको – डॅशबोर्डला भोक नाही ना पाडलंत?

मिस्त्री – तुम्ही बजावल्यावर कोण पाडतंय, ताई? जुन्याच जागी खाली एसीची पेटी टांगलीय.

नवरा – एसीचा पट्टा तुटला तर?

मिस्त्री – तर एसी बंद. गाडी चालत राहील.

नवरा – तेच तर. एसी बंद आणि गाडी चालू.

बायको – मग मी कडेला घेईन. सकाळपासून जिवाला घोर लावून घेतलायस, आता मिस्त्रींचं डोकं खातोयस.

मिस्त्री – मला सवय आहे. जुन्या गाडीबरोबर काळजी करणारा माणूस येतोच. फक्त बाकीचे गाडीची काळजी करतात.

नवरा – तुम्हाला सगळं माहीत नाही, मिस्त्री. हिला नसांचा आजार आहे. अंग तापलं की डोळ्यांपुढे धूसर होतं, उजवा पाय बधिर होतो. गेल्या उन्हाळ्यात याच गाडीत, पाय ब्रेकवर आहे की नाही तेच हिला कळेना. भिंत होती म्हणून थांबलो.

बायको – मी हँडब्रेक ओढला म्हणून भिंतीला नुसती टेकली, तेही सांग. आणि परवा डॉक्टर पाय तपासून काय म्हणाल्या, तेही. अंग गार राहिलं तर खुशाल चालवा, म्हणाल्या. सरक आता. बसून बघते.

(ती स्टिअरिंगमागे बसते. दार लागतं.)

बायको – मिस्त्री, सूं सूं ऐकू येतंय. हवा कुठे आहे?

मिस्त्री – जाळीवर हात धरा, बर्फ आहे.

बायको – बर्फ शेजारच्या सीटवर आहे. माझ्या कोपरालासुद्धा लागत नाही. तिन्ही जाळ्या तिकडे तोंड करून.

मिस्त्री – मग बरोबर आहे की. नट आवळायच्या आधी मी सीटवर माणूस बसवतो आणि नाकासमोर दोरा धरतो. दोरा हलला की पेटी पक्की करायची. तुम्ही नव्हतात, म्हणून साहेब शेजारच्या सीटवर बसले. ताई शेजारीच बसणार, म्हणाले.

बायको – तू म्हणालास?

नवरा – हो.

बायको – मला न विचारता?

नवरा – विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

बायको – लग्नाआधीपासून चालवतेय मी ही गाडी. पहिल्यांदा शेजारी बसलास तेव्हा दाराची कडी धरून बसला होतास.

नवरा – अजून धरतो. तेव्हा वेगाची भीती होती. आता सिग्नल सुटला आणि तुला निघायला जरा उशीर झाला, तरी माझं लक्ष तुझ्या पायाकडे जातं. मला फार भीती वाटते गं. वाटलं, गार हवेत शेजारी बसशील. गाडीही राहील, तूही राहशील.

बायको – भाजी चिरायला घेतली की सुरी काढून घेतोस. जिना एकटीला उतरू देत नाहीस. मी काही बोलले? एवढी एक सीट उरलीय रे माझी.

मिस्त्री – मी जरा पाणी पिऊन येतो.

बायको – थांबा. पेटी फिरेल का?

मिस्त्री – फिरेल. नटच तर सैल करायचेत. पण पेटी छोटी आहे, ताई. दोघांना पुरेल एवढी हवा नाही तिच्यात. दोन जाळ्या तुमच्याकडे, एक शेजारी, असं करू?

नवरा – तिन्ही हिच्याकडे केल्या तर?

मिस्त्री – शेजारचा माणूस भाजून निघेल.

नवरा – दोरा कुठाय?

मिस्त्री – हा घ्या.

नवरा – अगं, अशी ताठ नको बसूस. चालवताना बसतेस तशी बस. हां. मिस्त्री, फिरवा. अजून थोडी. अजून. हलला.

बायको – तुझ्याकडे काहीच येणार नाही.

नवरा – रुमाल आहे माझ्याकडे.

बायको – भीती गेली?

नवरा – नाही. आवळा, मिस्त्री.